नर्सना कसला आलाय व्यवसायजन्य आजार?

रात्रपाळी: काल इथेच कुणी लिहिलं, "नर्सना कसला व्यवसायजन्य आजार, एसीत तर बसतात." गप्प बसणार होते, पण डोक्यातून जाईना. सतरा वर्षं वॉर्डात काढली. मेडिकल वॉर्डातला एसी दाखवा, हार घेऊन येते. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लिहिलंय: हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना तपासणी, पुढे वर्षातून एकदा तरी. आमची तपासणी म्हणजे वजन, बीपी, सही. फौजींना निदान ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तरी आहे.

तोपची_निवृत्त: ताई, ते "निदान" लागलं. ईसीएचएस २००३ला आली, आणि मी वर्गणी भरलीय, फुकट नाही. पॉलिक्लिनिकला सकाळी सातला नंबर लावायचा, अकराला खिडकीवर कळतं, औषध एनए, म्हणजे नाहीच. शिवाय ते सगळं आजार झाल्यावरचं. बावीस वर्षं तोफेवर होतो, कानात कापूस. आज आमचा टीव्ही लागला की खालच्या मजल्यावर मालिका ऐकतात. अपंगत्व पेन्शन मागितली तर म्हणे नोकरीतली नोंद दाखवा!

कायदाप्रेमी: धरमवीर सिंग निकाल वाचा, २०१३, सुप्रीम कोर्ट. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. सैन्याच्या ट्रिब्युनलला जा.

तोपची_निवृत्त: वाचलाय. वकिलाची फी तुम्ही देताय का?

आरटू: मुद्दा भरकटला. मी निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष. खरं बोलू? सिस्टर सुईला टोपण परत लावायला जातात आणि टोचून घेतात. सुई कापायचा हब कटर शेजारी असतो. सुई संसर्ग असलेल्या पेशंटची असेल, तर लस नसताना हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात सहा ते तीस, एचआयव्हीचा हजारात तीन. शिकवून शिकवून थकलो.

रात्रपाळी: हब कटर शेजारी?? आमचा दिवाळीपासून बंद आहे. आणि साहेब, एबीजीसाठी धमनीतलं रक्त काढून सुई गादीवर टाकून तुम्ही राउंडला पळता, ती कोण उचलतं?

आरटू: सगळे तसे नसतात.

रात्रपाळी: सगळ्या सिस्टरही नसतात.

पिवळी_पिशवी: तुमचं टोपण चालू द्या. माझी आई सफाईला, कंत्राटी. पिशवी उचलताना आतली सुई मांडीत घुसली. सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, पण ती पिवळ्या पिशवीत कुणी टाकली, डॉक्टरने की सिस्टरने, तिला काय फरक? मुकादम म्हणाला, नोंद केलीस तर उद्यापासून येऊ नको. पीईपी, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही टाळायची औषधं, दोन तासांत मिळाली तर उत्तम, बहात्तरनंतर उपयोग नाही. तिने मला सांगितलं चौथ्या दिवशी, भाकऱ्या थापता थापता. पुढचे सहा महिने ती माझ्या पोराचा मुका घेत नव्हती. रिपोर्ट चांगला आला, म्हणून इथे लिहितोय.

आरटू: वाईट झालं. मलाही पहिल्या वर्षी टीबी झाला, छातीत पाणी. सहा महिने गोळ्या.

तोपची_निवृत्त: वॉर्डातूनच लागला अशी नोंद केलीत?

आरटू: नाही. रजा लागली असती, टर्म वाढली असती.

तोपची_निवृत्त: मग सिस्टरला टोपण कशाला शिकवता? मीही कानाचं लपवलंच. लो मेडिकल, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, गेलो असतो तर हवालदारकी गेली असती. बोर्डासमोर "सगळं ऐकू येतं साहेब" म्हणालो, साहेबांच्या ओठांकडे बघत.

रात्रपाळी: बरं बाबा, "निदान" मागे घेते. वर्गणीसकट. पण तो एसीवाला कुठाय?

थंडा_थंडा: मी ओपीडीबद्दल म्हणालो होतो.

रात्रपाळी: तिथे पंखा आहे. एक. डॉक्टरांच्या डोक्यावर.