उत्तर: गावात बस येते, मग तक्रार कसली?

कुणीतरी म्हटलंय की जनगणनेच्या तक्त्यात गावापुढे बस, पाणी, शाळा सगळ्याला ‘आहे’ लिहिलंय, म्हणून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सुविधा नसल्याची ओरड फुकाची. तक्ता खोटा नाही, पण तो महसुली गावाचा, म्हणजे सरकारी नोंदीतल्या अख्ख्या गावाचा आहे. एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, बस थांबली की अख्ख्या गावाला ‘आहे’. आमच्याकडे वाडे ओहोळापलीकडे, काजूच्या बागांआड विखुरलेले. पावसाळ्यात चालत स्टॉप गाठणं काय असतं ते कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, वेळापत्रकात दिसत नाही. सुविधा नसेल तर २०११च्या तक्त्यात अंतराचे तीनच टप्पे: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० आणि १०च्या पुढे. म्हणजे ११ आणि २५ किलोमीटर एकाच रकान्यात!

शिवाय गाव आणि पंचायत यांची गल्लत होतेय. २०११च्या जनगणनेत गोव्यात ३३४ गावं, पंचायती १९१. सत्तरीत तर पंचायती जेमतेम १२, त्यामुळे एकेकीखाली बरीच गावं. दाखल्यासाठी पंचायत घर दुसऱ्या गावात, आरोग्याचं मोठं काम निघालं की तालुक्याचं ठिकाण वाळपई, आणि तिथून पुढे पाठवलं तर थेट पणजीजवळ बांबोळीचं सरकारी इस्पितळ. गावाची माहिती लिहिणार असाल तर निदान वाडावार लिहा. बालरथ, म्हणजे शाळेची बस, कुठल्या वाड्यापर्यंत येतो, एवढं विचारलं तरी रस्त्याची खरी हालत कळते.