'संस्था' म्हणजे नेमकं काय?

नागपुरात घरी अकरावी-बारावीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. परवा एका मुलीनं लिहिलं, 'विवाह ही सामाजिक संस्था आहे. तिची नोंदणी होते व तिचे दोन सभासद असतात.' मी खोडायला पेन उचलला आणि थांबले. तिचे बाबा खाजगी शाळेत शिक्षक. घरात कानावर पडतं ते 'संस्थेत लागले', 'संस्थेनं पगार अडकवला'. पाठ्यपुस्तकातली संस्था तिला कशी समजवावी?

---

ताई, तिनं कायद्यातली संस्था लिहिली आहे. सरकारी मराठीत 'सोसायटी'ला संस्था म्हणायची वहिवाट आहे, जसं 1860 च्या कायद्याचं नाव संस्था नोंदणी अधिनियम. सहकारी संस्था, पतसंस्था त्याच वळणाच्या. समाजशास्त्र अशा सभासदांच्या गटाला 'मंडळ' म्हणतं. समाजशास्त्रज्ञ मॅकायव्हरनं हाच भेद केला: माणूस मंडळाचा सभासद होतो, संस्थेचा होत नाही. संस्था म्हणजे वागण्याची रुजलेली, ठरलेली पद्धत.

आपली नागपूरची मारबतच घ्या ना, इडा पीडा घेऊन जाणारा तो पुतळा. वर्गणी गोळा करणारं, पुतळा बांधणारं, मिरवणुकीची परवानगी काढणारं ते मंडळ. त्याला अध्यक्ष असतो, पावतीपुस्तक असतं. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत ती वाजतगाजत नेऊन जाळायची, ही संस्था. कार्यकारिणी बदलते, भांडणं होतात, मारबत निघतेच.

शब्दाच्या पोटातही हेच आहे. सम् अधिक स्था. वैदिक परंपरेत सोमयागाच्या सात ठरीव प्रकारांना 'सोमसंस्था' म्हणतात. अग्निष्टोम, वाजपेय त्यांतले. तिथंही संस्था म्हणजे विधीचं ठरलेलं रूप, माणसांचा गट नव्हे. म्हणून पाठ्यपुस्तकातला शब्द मला अगदी नेमका वाटतो, तो बदलू नये.

---

मान्य. पण 'रुजलेली पद्धत' एवढंच शिकवलं तर मुलं लोकरीतीशी घोळ घालतील. समाजशास्त्रज्ञ समनरनं 1906 साली लोकरीती, लोकनीती (समाजाच्या भल्यासाठी पाळल्याच पाहिजेत अशा मानलेल्या रीती) आणि संस्था वेगळ्या मांडल्या. त्याच्या मते संस्थेत एक कल्पना असते आणि तिला पेलणारी रचना. पाहुण्याला आधी पाणी देणं ही लोकरीती. विवाहात कोणाचं कोणाशी जमतं, वारसा कोणाकडे जातो, सगळं बांधलेलं असतं, म्हणून ती संस्था.

आणि 'समाज'ही सोपा समजू नका. 'आमच्या समाजातली मुलगी' म्हणताना तो जात होतो, प्रार्थना समाज (1867) नि सत्यशोधक समाज (1873) यांत मंडळ होतो, आणि पुस्तकात माणसामाणसांतल्या संबंधांचं जाळं. तीनही अर्थ मुलांसमोर उघडपणे मांडायला हवेत, नाहीतर पहिल्याच धड्यात समाज म्हणजे जात असं मनात बसतं.

---

दोघांचेही आभार. आज तिला विचारलं, शाळेची संस्था बंद पडली तर?
'शाळा बंद.'
आणि एखाद्या नवरा-बायकोचा घटस्फोट झाला तर विवाहसंस्था बंद पडली का?
ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, 'त्यांचं मोडते ना मॅडम, लगन करणं थोडीच बंद पडते.'
'सभासद' ही ओळ तिनं स्वतःच खोडली. नोंदणीची ठेवली, म्हणाली, ती लग्नाची होते, संस्थेची नाही, तेवढं लिहिते.