साइड पॅनल आणि काळ्या प्लास्टिकसाठी टिकाऊ कोटिंग कोणतं?

दोनचाकी:
मंडळी, नमस्कार. गाडी रोजच्या वापरातली, दिवसभर उन्हात उभी. रंगवलेल्या साइड पॅनलची चकाकी उडाली आहे आणि जिथे गुडघा व बूट घासतो तिथे हात फिरवला की खरखर लागते. मागच्या मडगार्डाचं आणि हेडलाइटभोवतीचं बिनरंगी काळं प्लास्टिक तर पार पांढुरकं पडलंय. सगळे भाग काढून ठेवलेत, आता एकदाच काय ते नीट करायचंय. कुणी सिरॅमिक (पुसून लावायचं पातळ द्रव कोटिंग) म्हणतं, कुणी पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), कुणी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), कुणी पावडर कोटिंग. ऊन, पाऊस, घासण आणि टाकी भरताना ओघळणारं पेट्रोल, हे सगळं सोसेल असं एकच कोटिंग आहे का?

तिसरा_गिअर:
सरळ सिरॅमिक करून टाका. 9एच कडकपणा असतो, ओरखडे पडत नाहीत आणि धुणंही सोपं होतं.

रंगखोली:
दुचाक्यांचे पॅनल रंगवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच कोटिंग सगळीकडे चालणार नाही, कारण तुमच्याकडे बहुधा दोन वेगळी प्लास्टिकं आहेत. प्रत्येक भाग उलटा करून आतून बघा. दोन टोकदार खुणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात. रंगवलेल्या पॅनलवर बहुतेक वेळा एबीएस सापडेल, काळ्या खरखरीत भागांवर पीपी, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. एबीएस रंग छान धरतं. पीपी मात्र मुळातच कशाला चिकटू देत नाही. त्यावर आधी अ‍ॅडहेजन प्रमोटरचा (रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा) पातळ हात दिला नाही, तर रंग कितीही भारी असो, पोपडे निघणारच.

सिरॅमिकबद्दल: ते 9एच पेन्सिलच्या कसोटीतलं आहे, दगडाच्या कडकपणाचं नाही. थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी, चिखल चिकटू देत नाही हे खरं, पण बुटाची रोजची घासण तो अडवू शकत नाही. शिवाय तुमचा खालचा क्लिअर कोटच मेलाय. मेलेल्या थरावर सिरॅमिक लावणं म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीवर वॉर्निश मारणं.

पावडर कोटिंग प्लास्टिकसाठी विसरा. ती पावडर भट्टीत साधारण 160 ते 200 अंशांवर वितळून पसरते. एबीएस 100 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. धातूच्या ब्रॅकेटना, क्रॅशगार्डला जरूर करा.

तुमच्या रंगीत पॅनलना टू-के क्लिअर कोटच हवा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलीयुरेथेन. हार्डनरशी रासायनिक बंध तयार होत असल्याने पक्का झाल्यावर तो पेट्रोलला दाद देत नाही. साध्या स्प्रे कॅनमधला क्लिअर नुसता थिनर उडून वाळतो. पेट्रोलचा ओघळ बसला की तो मऊ होऊन चिकट पडतो. दोन हातांत मिळून 40 ते 60 मायक्रॉन थर बसला की पुरे. क्लिअर घेताना त्यात यूव्ही शोषक आहे ना, ते डब्यावर वाचून घ्या. ऊन आधी एबीएसमधल्या रबराचा भाग खातं, त्यानेच प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही छाती भरते. कापडी मास्क इथे कुचकामी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बूथ नसेल, तर घासणं-पुसणं तुम्ही करा, फवारणी रंगाऱ्याकडून करून घ्या. तळाचं बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-के कॅन मिळतात, पण धोका तोच.

दोनचाकी:
खूप आभार. बघितलं, पॅनल एबीएस आणि काळे भाग पीपी निघाले. त्या काळ्या भागांवर आजवर सिलिकॉनचं चमक देणारं पॉलिश लावत होतो. एकाने हीटगन फिरवायला सांगितलंय, त्याने म्हणे परत काळं होतं.

रंगखोली:
हीटगनने काळं होतं, पण झिजलेला पृष्ठभाग तोच राहतो आणि काही काळाने पुन्हा पांढुरकं पडतं. आच जास्त लागली तर भाग वाकतो आणि खरखरीत नक्षी सपाट होते. मी तरी नाही करत.

पीपीवर क्लिअरही मारू नका. नक्षी बुजते आणि मडगार्ड वाकला की तडे जातात. ट्रिमसाठीचं, म्हणजे अशा बिनरंगी काळ्या प्लास्टिकसाठीचं, वेगळं कोटिंग मिळतं, तेच लावा. सिलिकॉन मात्र आधी पूर्ण निघायला हवं. साबणाच्या पाण्याने नायलॉनच्या ब्रशने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर वेळी फडकं बदलून. थिनर किंवा अ‍ॅसिटोन एबीएसला लावू नका, प्लास्टिकच विरघळतं.

रंगीत पॅनल 800 च्या वॉटर पेपरने मॅट करून त्यावर पाणी ओता. पाण्याचा अखंड पडदा टिकला तर स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर अजून तेल-मेण आहे, आणि तिथे क्लिअर गोल गोल मागे सरून खड्डे दिसतील. पीपीवर ही परीक्षा करू नका, ते स्वच्छ असलं तरी पाणी थेंबच धरतं. तिथे पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं.

लांबचा_पल्ला:
गुडघा लागतो तेवढ्या भागावर पीपीएफ टाका. 150 ते 200 मायक्रॉनची पॉलीयुरेथेन फिल्म असते, घासण ती स्वतःवर घेते आणि खराब झाली की काढून दुसरी लावता येते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेनेही भरून येतात. खरखरीत काळ्या प्लास्टिकवर मात्र ती धरत नाही, कडा सुटतात.

रंगखोली:
अगदी बरोबर, फक्त घाई नको. ताज्या क्लिअरमधून थिनर बरेच दिवस निघत असतो. साधारण महिनाभर थांबून फिल्म लावा, नाहीतर खाली बुडबुडे धरतात. दोनचाकी, पॅनल रंगाऱ्याकडे देताना खुंट्या आणि बोल्टची भोकं टेपने झाकायला सांगा. तिथे थर चढला की पॅनल ग्रॉमेटमध्ये (खुंटी बसते त्या रबरी कडीत) नीट बसत नाही, आणि जोर लावला की खुंटीच मोडते.