मदत हवी आहे: कापडी गाढवाला पनामा कालवा पार करायचाय

नमस्कार मंडळी. बालवाडीतल्या मुलांसाठी मी गोष्टींची मालिका लिहितेय. नायक गोट्या, एक कान पुन्हा शिवलेलं कापडी गाढव, क्रूझने जगभर फिरतो. आता त्याचं जहाज कॅरिबियन समुद्रातून पनामा कालव्यात शिरतंय. 1914 साली सुरू झालेल्या जुन्या लॉकमध्ये (म्हणजे जहाज वर-खाली करणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या हौदांमध्ये) जहाजाला दोन्ही बाजूंनी तारेच्या दोरांनी सरळ धरणाऱ्या विजेच्या इंजिनांना तिथे चक्क खेचरं म्हणतात! म्हणजे गोट्याचे भाऊबंदच की.

अडलंय ते पुढे. गाटून इथल्या लॉकच्या तीन पायऱ्या चढून जहाज सुमारे 26 मीटर वर तळ्यात पोचतं, तेही पंपाशिवाय. वरचं पाणी आपसूक खालच्या हौदात उतरतं आणि जहाज उचललं जातं. पाच वर्षांच्या पोरांना हे गोष्ट न थांबवता कसं सांगाल? शिक्षिका असाल तर वर्गात करता येईल असा एखादा पाण्याचा खेळ सुचवा.

आणि कुणी या कालव्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा: दरवाजे लागल्यावर भिंत किती जवळ दिसते, आवाज कसले येतात, केबिनच्या बाल्कनीतून ती खेचरं दिसतात का? मुलं नेमकं हेच विचारतात आणि मला त्यांना अंदाजाने काही सांगायचं नाहीये.