खानदेशाच्या पानांवरचे संपादन-वाद: कोणतं वाक्य अडलं, कसं सुटलं?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. खानदेश, अहिराणी, बहिणाबाई, भास्कराचार्य या पानांचा इतिहास उघडला की तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा उलटवलेली, म्हणजे बदल रद्द करून आधीसारखी केलेली दिसतात. नवीन मंडळी येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्या भोवऱ्यात सापडतात. त्यांच्यासाठी हा धागा आहे. कोण कोणाला काय बोललं ते इथे नको. वाक्य कुठे अडलं, काय केल्यावर सुटलं, काय केल्यावर आणखी गुंतलं, तेवढं लिहा.

अमळनेरहून

सुरुवात चर्चा पानापासून, म्हणजे लेखाला जोडलेल्या बोलण्याच्या पानापासून. नवीन विभाग काढताना मथळ्यात माणूस आणू नका, वाक्य आणा. ‘अमुक सदस्याची मनमानी’ असा मथळा दिला की समोरचा स्वतःचा बचाव करत बसतो आणि मुद्दा राहून जातो. ‘पहिल्या परिच्छेदातली सीमा’ असा मथळा दिला की बोलणं सीमेवरच राहतं.

त्याखाली चार गोष्टी: आत्ताचं वाक्य जसंच्या तसं, त्यात नेमका कोणता शब्द खटकतो, पृष्ठ क्रमांकासह संदर्भ आणि तुम्ही सुचवत असलेलं पूर्ण वाक्य. ही चौथी गोष्टच बहुतेक जण गाळतात. ‘हे चूक आहे’ यावर समोरच्याने उत्तर तरी काय द्यायचं? वाक्य समोर ठेवलं की तो त्यातला एखादा शब्द बदलून देतो आणि काम पुढे सरकतं.

साद घालताना, म्हणजे चर्चेत एखाद्या सदस्याचं नाव जोडून त्याला बोलावताना, एक ध्यानात ठेवा. सदस्याचं नाव आणि तुमची सही एकाच जतनात गेली तरच त्याला सूचना पोचते. सही विसरलात आणि मागाहून नुसती सही जोडली, तर पोचत नाही. मग आठ दिवस वाट पाहून ‘उत्तर देत नाहीत’ असा आरोप होतो. साद नव्याने, सहीसकट घाला.

धुळ्याहून

वरच्या मुद्द्याला जोडून. पूर्ण संपादन उलटवायच्या आधी ‘फरक’ (दोन आवृत्त्यांत काय बदललं ते दाखवणारं पान) उघडून ओळ न् ओळ बघा. एका जतनात पाच बदल असतात. त्यातला एक वादाचा असतो, बाकी चार साधे दुवे नाहीतर साल दुरुस्त केलेले. सगळंच उलटवलं की त्या चारांचा राग वादात मिसळतो. वादाची ओळ तेवढी हाताने बदला आणि संपादन सारांशात (जतन करताना बदलाबद्दल लिहायच्या ओळीत) ‘चर्चा पान, सीमा विभाग पाहा’ असं लिहा.

दोघांनी एकाच वेळी पान उघडलं असेल तर मागून जतन करणाऱ्याला अडथळ्याची सूचना येते. घाईत आपला सगळा मजकूर वरून चिकटवला की आधीच्या माणसाचं काम पुसलं जातं आणि त्याला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. फक्त आपला परिच्छेद उचला, ताजं पान उघडा आणि तेवढाच घाला. मोठ्या पानावर विभागवार संपादन केलं तर ही वेळ सहसा येत नाही.

शहाद्याहून

आमच्याकडचा नेहमीचा वाद जिल्ह्याचा. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी तो धुळे जिल्ह्याचा भाग. त्याही आधी, १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये त्यांचे जळगाव व धुळे झाले. आता कोणी जुन्या व्यक्तीच्या पानावर ‘धुळे जिल्हा’ लिहितो, दुसरा ‘नंदुरबार जिल्हा’ करतो. दोघांकडे पुस्तक असतं आणि दोन्ही पुस्तकं आपापल्या काळाला धरून बरोबर असतात.

तोड अशी: घटना ज्या सालची, जिल्हा त्या सालचा, आत्ताचा जिल्हा कंसात. शिरीषकुमारांचं हौतात्म्य ९ सप्टेंबर १९४२ चं. म्हणून ‘नंदुरबार, तेव्हाचा पश्चिम खानदेश जिल्हा (आता नंदुरबार जिल्हा)’. १९०६ च्या आधीचा जन्म असेल तर नुसतं ‘खानदेश जिल्हा’. माहितीचौकटीतही (पानाच्या कडेच्या थोडक्यात माहितीच्या सारणीतही) हेच लिहा. मजकूर सुधारतो आणि चौकट तशीच राहते, मग महिन्याभराने कोणीतरी चौकट बघून मजकूर परत बिघडवतो.

चाळीसगावहून

भास्कराचार्यांचं गाव. खानदेशी माणसाला चाळीसगावजवळच्या पाटणदेवीबद्दल जिव्हाळा आहे, मलाही आहे, पण जिव्हाळ्यावर वाक्य उभं राहत नाही. त्यांनी स्वतः सिद्धान्तशिरोमणि या आपल्या ग्रंथाच्या गोलाध्यायात सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं ‘विज्जडविड’ असं गाव सांगितलं आहे. ते आजचं कोणतं, यावर मतं वेगळी आहेत: कोणी पाटण म्हणतात, कोणी विजापूर, कोणी बीड. पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. लेख घराण्याचा पाटणशी संबंध दाखवतो, जन्मस्थान सांगत नाही. इथेच गल्लत होते.

म्हणून तीन वेगळी वाक्यं करा: त्यांनी काय लिहिलं, शिलालेखात काय आहे, अभ्यासक काय म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचा संदर्भ. तिन्ही एका वाक्यात कोंबली की कोणीतरी मधला ‘बहुधा’ काढून टाकतो.

यावलहून

बहिणाबाईंच्या पानावर शुद्धलेखनाची दुरुस्ती फार त्रास देते. बोलीतल्या उताऱ्यातलं ‘माले’ कोणी ‘मला’ करतो, अहिराणी म्हणीतलं ‘शे’ कोणी ‘आहे’ करतो. हेतू चांगला असतो, म्हणून खरडपट्टी काढू नका. उताऱ्याच्या वर न दिसणारी टीप घाला: <!-- हा बोलीतला मजकूर आहे, शुद्धलेखन बदलू नये -->. वाचकाला ती दिसत नाही, संपादकाला दिसते. उतारा छापील प्रतीशी ताडून आवृत्ती आणि पृष्ठ द्या, नाहीतर ऐकीव पाठ येतात.

दुसरा वाद बोलीच्या नावाचा, लेवागणबोली की अहिराणी. बहिणाबाईंच्या माहेरच्या, आसोद्याकडच्या माणसाला हा फरक घरातला असतो, पण जुनी पुस्तकं दोन्ही सरसकट ‘खानदेशी’ म्हणतात. इथे ‘अमुक अभ्यासकाच्या मते’ असं नाव घेऊन लिहावं. ‘काही लोक म्हणतात’ लिहिलं की ‘संदर्भ हवा’चा साचा (तयार खूण) लागणारच.

सटाण्याहून

अमळनेरवाल्या भाऊंना जोड. अहिराणी भाषा की बोली, यावर पानच्या पान खर्ची पडतं. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशी भिल्ली भाषांबरोबर घेतली आहे, जनगणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी नोंद आहे, आणि मराठीतले पुष्कळ अभ्यासक अहिराणीला मराठीची बोली मानतात. यातलं एक उचलून पहिल्या वाक्यात ठेवलं की उरलेले दोन गट धावून येतात.

उपाय व्याकरणातच सापडतो. पहिल्या वाक्यात नाम टाळा, क्रियापद वापरा: ‘अहिराणी जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत आणि नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत बोलली जाते.’ भाषा नाही, बोली नाही. वर्गीकरणाचा वेगळा विभाग करून तिथे तिन्ही मतं ठेवा. खानदेशच्या सीमेचंही तसंच. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतं. म्हणून ते इतिहासात घ्यावं, आजच्या जिल्ह्यांच्या यादीत घेऊ नये.

पाचोऱ्याहून

व्हॉट्सॲप गटात ‘सगळ्यांनी जाऊन पाठिंबा द्या’ असा निरोप टाकू नका. एका रात्रीत आठ नवी खाती एकच वाक्य लिहितात, आणि बरोबर असलेला मुद्दाही संशयात जातो. सहमती डोकी मोजून ठरत नाही. विषय जाणणारं तिसरं माणूस हवं असेल तर चावडीवर (विकिपीडियाच्या सगळ्यांसाठीच्या चर्चेच्या पानावर) दोन ओळी टाका, कोणाची बाजू न घेता. एकच माणूस अनेक खाती चालवतो असा दाट संशय असेल तर आधी फरकांचे दुवे गोळा करा. ज्या विकीवर स्वतःचे तपासनीस (खाती एकाच माणसाची आहेत का ते पाहणारे) नाहीत, तिथली तपासणी मेटा-विकीवर (सगळ्या विकींच्या सामाईक कामाच्या संकेतस्थळावर) अर्ज केल्यावर स्ट्युअर्ड (सगळ्या विकींवर अधिकार असलेले सदस्य) करतात. पुराव्याशिवाय ते हात लावत नाहीत.

उलटवाउलटवी थांबली नाही तर प्रचालकांना (विकीवर जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) पान सुरक्षित करायला, म्हणजे काही काळ संपादनासाठी बंद करायला सांगा. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बंदी येऊ शकते. तिथपर्यंत जाऊच नये. सुरक्षित होताना समोर असेल ती आवृत्ती गोठते, कदाचित तुम्हाला नको असलेली. त्यावर प्रचालकांशी भांडू नका, तेवढ्या मुदतीत चर्चा पानावर वाक्य ठरवा.

अमळनेरहून, पुन्हा

सटाण्याच्या ताईंची क्रियापदाची युक्ती सीमेच्या वाक्यालाही लागू पडेल, तिथे वापरून पाहतो. एक राहिलं: वाद मिटल्यावर चर्चेचा तो विभाग पुसू नका. ठरलेलं वाक्य आणि त्या आवृत्तीचा शाश्वत दुवा (पान पुढे बदललं तरी तीच आवृत्ती दाखवणारा) विभागाच्या वरच्या ओळीत ठेवा. पुढच्या वेळी तोच बदल आला की संपादन सारांशात तो दुवा देता येतो.