उतारावर 'पी'त टाकल्यावर हँडब्रेक लागतोच काय?

जांबोटी_रोड
आमच्या गेटपासून रस्त्यापर्यंत चांगलाच उतार आहे. आत्तापर्यंत गिअरची गाडी होती, आता ऑटोमॅटिक आलीय. 'पी'त (पार्क) टाकून इंजिन बंद करतो, हँडब्रेक ओढत नाही. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी थोडी पुढं सरकते. सकाळी लिव्हर जड लागतो आणि खाडकन आवाज होतो. गिअरबॉक्स बिघडलाय काय? आणि खानापूरच्या पावसात हँडब्रेक ओढून ठेवला तर मागची चाकं धरतात म्हणतात, ते खरं काय? जरा नीट सांगा की.

वडगाव_गॅरेज
अजून बिघडलेला दिसत नाही, पण रोज असंच चाललं तर झिजणार. गिअरबॉक्समध्ये चाकांकडं जाणाऱ्या बाजूला खाचांचं एक चक्र असतं. 'पी' टाकला की पोलादाचा छोटा अडसर, म्हणजे पार्किंग पॉल, त्या खाचेत पडतो. खाच सापडेपर्यंत गाडी सरकते आणि मग टनभर वजन त्या एका तुकड्यावर रेलतं. सकाळी तो दाबाखालून उपसून निघतो, तोच तुमचा खाडकन आवाज.

ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा, 'एन'ला (न्यूट्रल) घ्या, हँडब्रेक ओढा. आता पाय हळूच उचला. गाडी किंचित बसेल आणि हँडब्रेकवर थांबेल. नाही थांबली तर हँडब्रेक ढिला आहे, हे तिथंच कळलं. मग परत ब्रेक दाबून 'पी' टाका आणि इंजिन बंद करा. निघताना ब्रेक दाबून इंजिन चालू करायचं, 'पी'तून 'डी' (पुढं जायला) किंवा 'आर'ला (मागं जायला) यायचं आणि हँडब्रेक सगळ्यात शेवटी सोडायचा. तो आधी सोडला की भार पुन्हा पॉलवर.

लिव्हर मुळीच हलत नसेल तर आधी मागचे ब्रेकलाइट लागतात का बघा. ब्रेकच्या पेडलचा स्विच गेला असेल तर लिव्हर 'पी'तच कुलूप लागल्यासारखा राहतो.

येळ्ळूर_वेस
यांच्या गाडीला 'पी' आहे म्हणून ठीक. आपल्याकडच्या बऱ्याच एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्रानं बदलणाऱ्या, गाड्यांना 'पी' नसतोच. त्या 'एन'वर ठेवून किल्ली काढली तर गाडी फक्त हँडब्रेकवर उभी राहते. ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, लिव्हर 'डी' किंवा 'आर'मध्ये असतानाच इंजिन बंद करा, म्हणजे गिअर अडकलेला राहतो.

दुसरं, पंक्चर. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर 'पी' फक्त पुढच्या चाकांना धरतो, तेही डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमधून. एक पुढचं चाक जॅकवर उचललं की ते हवेत उलटं फिरू शकतं, दुसरं जमिनीवर सुटतं आणि 'पी'त असूनही गाडी जॅकवरून घसरते. राजहंसगडाच्या रस्त्यासारख्या चढावर जॅक लावूच नका, सपाट जागा गाठा. तिथंही हँडब्रेक ओढून, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा.

शहापूर_बेळगाव
चाकं धरतात हे खरं. मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये ओल राहते, ड्रमला गंज चढतो आणि ब्रेकशू, म्हणजे ड्रमला आतून दाबून धरणारे तुकडे, चिकटतात. एका रात्रीत धरलंच तर निघताना टक्कन सुटतं. आठवडाभर गाडी हलणार नसेल तर सपाट जागेवर 'पी'त ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. उतारावर मात्र हा उपाय नाही. पाण्यातून आल्यावर शेवटचे शंभरेक मीटर ब्रेक हलके दाबत या, शू सुकतात.

लिव्हरचा हँडब्रेक वर घेताना टक मोजा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. त्यापेक्षा जास्त टक लागले तर नुसती केबल आवळू नका, आधी ड्रम उघडून शू बघा.

जांबोटी_रोड
समजलं. गाडीचं तोंड रस्त्याकडं, म्हणजे उताराकडंच असतं. स्टिअरिंग कुठं वळवू?

वडगाव_गॅरेज
गाडी सुटली तर रस्त्यावर न जाता भिंतीला किंवा बांधाला टेकेल, त्या बाजूला. रस्त्याच्या डाव्या कडेला लावलीत तर डावीकडं. चढाकडं तोंड असेल आणि कडेला फूटपाथचा उंच दगड असेल तर मात्र उजवीकडं, म्हणजे मागं आली की पुढच्या चाकाची मागची बाजू दगडाला टेकते.

आणि गेट उघडायला उतरताना गाडी 'डी'त किंवा 'एन'ला सोडू नका. मिनिटभराचं काम असलं तरी हँडब्रेक, 'पी' आणि इंजिन बंद. तेवढ्यातूनही गाडी सुटलीच तर पुढं उभं राहून अडवायला जाऊ नका, बाजूला व्हा आणि ओरडून बाकीच्यांना हटवा.