किंगचं भाषण, सॅम कुकचं गाणं आणि गाळलेला भाग

झणझणीत (धागाकर्ता)

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी हे होतंच. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 'आय हॅव अ ड्रीम'मधली शेवटची काही मिनिटं फिरायला लागतात आणि कुणीतरी हौशी माणूस त्याखाली त्याच काळातल्या काळ्या अमेरिकन गायकाचं, सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' जोडतो. ऐकून गळा दाटतो, मान्य. पण माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत सोलून, बिया काढून आल्यात.

28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनच्या मोर्चात केलेलं ते भाषण साधारण 17 मिनिटांचं. स्वप्न येतं उत्तरार्धात. त्याआधी किंग चक्क हिशेब मांडतात: अमेरिकेने आपल्या सगळ्या नागरिकांना हक्कांची हुंडी लिहून दिली, आणि काळा माणूस ती वटवायला गेला तर 'खात्यात पैसे नाहीत' असा शेरा मारून परत केली. मोर्चाचं नावच मुळी नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठीचा मोर्चा. मागण्यांमध्ये ताशी 2 डॉलर किमान वेतन. हे कुठल्या शाळेच्या फलकावर लिहिलेलं पाहिलंय?

गाण्याचंही तेच. 'सिनेमाला जातो, गावात जातो, तर इथे घुटमळू नकोस म्हणून सांगतात' अशा अर्थाचं कडवं त्यात आहे. वर्णभेदावर सरळ बोट ठेवणारं ते एकच कडवं, आणि सिंगलवर (म्हणजे सुट्या गाण्याच्या छोट्या तबकडीवर) नेमकं तेच छाटलं गेलं. राहिली सुरुवातीच्या ओळीतली नदी, राहिला तंबू आणि 'बदल होणार'.

सरळसोट

अजिबात पटलं नाही. हुंडीचा भाग टाइप केलेल्या मसुद्यात होता, स्वप्नाचा नव्हता. मागे बसलेली चर्चगीतांची गायिका महालिया जॅक्सन ओरडली, 'त्यांना स्वप्नाबद्दल सांग, मार्टिन!' आणि किंग यांनी कागद सोडला, ही हकीकत तिथे हजर असलेल्या क्लॅरन्स जोन्स यांनीच सांगितली आहे. जोन्स म्हणजे ज्यांनी मसुद्यावर काम केलं होतं ते, तेव्हा त्यांना तरी खोटं पाडू नका. जूनमध्ये डेट्रॉइटलाही किंग यांनी हेच स्वप्न सांगितलं होतं. म्हणजे तो गोडवा नंतर कुणी वरून चोपडलेला नाही, वक्त्याने समोरचा जमाव पाहून स्वतः निवडला. अडीच लाख माणसं, दिवसभराची भाषणं, किंग अगदी शेवटी. त्या वेळी ताळेबंद वाचत बसले असते तर आज आपण हा धागा काढला नसता. आणि 2 जुलै 1964 ला नागरी हक्क कायदा झाला. भाषणानेच झाला असं म्हणत नाही, पण टीव्हीपुढे बसलेल्या गोऱ्या अमेरिकेला हलवायला तीच भाषा लागणार होती.

बी साइड

तुम्ही दोघांनीही गाणं भाषणाच्या शेपटीला बांधून टाकलंत. ते तसं जन्मलेलं नाही.

कुक मिसिसिपीत जन्मलेला पाद्र्याचा मुलगा. आधी चर्चची गाणी गायला, मग 1957 मध्ये 'यू सेंड मी'ने देशभर गाजला. गोऱ्या तरुणांनाही चालणारा, गोड गळ्याचा. त्याला टोचलं ते बॉब डिलनचं 'ब्लोइंग इन द विंड': असं गाणं एक गोरा पोरगा लिहितो आणि मी काय लिहितोय? (गंमत बघा, त्या मोर्चात हेच गाणं पीटर, पॉल अँड मेरी यांनी गायलं.)

मग 8 ऑक्टोबर 1963. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये आधी आरक्षण करूनही हॉटेलने त्याला आणि त्याच्या बायकोला खोली नाकारली. तो तिथेच भांडला, गाडीचा हॉर्न वाजवला, आणि शांतताभंगाखाली अटक झाली. त्या जूनमध्येच त्याचा दीड वर्षाचा मुलगा घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेला होता. या सगळ्यातून गाणं आलं. 7 फेब्रुवारी 1964 ला त्याने ते टीव्हीवर गायलं, दोनच दिवसांनी बीटल्स एड सलिव्हनच्या कार्यक्रमात अवतरले आणि देशाला दुसरं काही दिसेना. त्या रात्रीचं चित्रण आज उपलब्धही नाही.

11 डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून कुक गेला. सिंगल आलं त्यानंतर, तेही 'शेक' या नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला. ज्याने बदल येणार म्हटलं त्याला स्वतःचं सिंगल बघायला मिळालं नाही.

मृदंगी

बी साइड, वा. पण मला धाग्याच्या मूळ गृहीतकावरच शंका आहे. हे गाणं आशेचं आहे का? मधे तो म्हणतो, जगणं कठीण झालंय, पण मरायलाही भीती वाटते, कारण आभाळापलीकडे काय आहे माहीत नाही. चर्चच्या गाण्यांवर वाढलेला गायक स्वर्गाची खात्री देत नाही! किंग यांचं भाषण जुन्या भक्तिगीताच्या ओळींवर संपतं, तिथे देवाचे आभार आहेत. कुक तो आधारच काढून घेतो आणि तरी 'होणार' म्हणतो. वाद्यसंयोजक रेने हॉल यांनी व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, टिंपनी (मोठे नगारे) असा राजेशाही थाट उभा केलाय, त्यामुळे आपल्याला ते विजयगीत वाटतं. नुसते शब्द वाचा, मग बोला.

झणझणीत

मृदंगी, हे माझ्याच बाजूचं झालं. सरळसोट, आशा हवी हे कोण नाकारतंय? पण 15 सप्टेंबरला, म्हणजे भाषणाला तीन आठवडे व्हायच्या आत, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. तरुण पिढीला नुसतं स्वप्न पुरेना ते उगीच नव्हे. मुंबईच्या तरुणांनी 1972 मध्ये दलित पँथर ही संघटना काढली तेव्हा नाव उचललं ते ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या काळ्यांच्या आक्रमक संघटनेचं. किंगचं नाही.

सरळसोट

आणि 1959 मध्ये किंग मुंबईत मणिभवनात मुक्कामाला होते, ते विसरलात. प्रत्येकाने आपल्याला हवा तो अमेरिकन घेतला. पँथर नाव घेतल्याने किंग यांचं भाषण खोटं पडत नाही. 2008 मध्ये निवडून आल्याच्या रात्री ओबामांनी शिकागोत जी वाक्यं वापरली, त्यात कुकच्या गाण्याचा प्रतिध्वनी कुणालाही ऐकू येईल. हुंडीचा नव्हे. लोकांना काय लक्षात राहतं यालाही काही किंमत आहे की नाही?

बी साइड

एक दुरुस्ती. ते कडवं कायमचं गेलेलं नाही. 1964 च्या सुरुवातीला 'एन्ट दॅट गुड न्यूज' हा अल्बम आला, त्यात पूर्ण गाणं आहे. कापाकापी फक्त सिंगलवर.

झणझणीत

दुरुस्ती कसली, पुरावाच दिलात. अल्बम विकत घेणारे किती आणि रेडिओ ऐकणारे किती? जे जास्त लोकांच्या कानावर जाणार होतं, त्यातूनच काढलं.